कंबरदुखी, लघवी आणि पन्नाशीनंतरचा पुरुष

आषाढात भाताची आवणी सुरू झाली की पुणे जिल्ह्यातल्या मार्गासनीच्या आसपास कंबर दुखणं ही कुणी कुणाला सांगायची गोष्ट राहत नाही. गुंजवणीच्या खोऱ्यात दिवसभर चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या प्रत्येकाचीच कंबर धरते. बाम चोळायचा, रात्री शेक घ्यायचा, फारच झालं तर नसरापूरला जाऊन एक सुई टोचून यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाचरात उतरायचं. साठी ओलांडलेला माणूस रात्री तीन-चारदा लघवीला उठतो, त्याचंही असंच. पाऊसपाणी आहे, गारठा आहे, वय झालं, असं म्हणून घरातले कूस बदलतात. या दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा खरंच साध्या असतात. पण प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोगही याच दोन तक्रारींच्या आडून पुढे सरकतो. साधं दुखणं कुठे संपतं आणि दवाखान्याची वेळ कुठे सुरू होते, हे म्हणूनच भोर-वेल्ह्याकडच्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांच्या शरीरात असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढे तिची जागा. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. लघवीची नळी तिच्या मधोमध आरपार जाते, आणि पुरुषांचे म्हातारपणीचे निम्मे हाल या एका रचनेमुळे होतात. चाळिशी-पन्नाशीनंतर ग्रंथीचा आतला, नळीला चिकटून असलेला भाग हळूहळू फुगायला लागतो. नळी दाबली जाते, धार बारीक होते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. ‘प्रोस्टेट वाढलंय’ असं आपण म्हणतो ते हेच. हा कर्करोग नव्हे आणि त्याचं पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही.

कर्करोग बहुतेक वेळा सुरू होतो तो ग्रंथीच्या बाहेरच्या, मागच्या भागात, नळीपासून दूर. तिथे तो वाढत असताना नळीवर दाब येत नाही. लघवी पूर्वीसारखीच होत राहते, दुखत नाही, ताप येत नाही, भूकही मंदावत नाही. या आजाराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर मी हीच सांगेन. लघवीचा त्रास म्हणजे कर्करोगच असं नाही, आणि लघवी सुरळीत आहे म्हणजे कर्करोग नाही असंही नाही. पहिल्या समजुतीमुळे माणसं घाबरून लपवतात, दुसरीमुळे निर्धास्त राहतात. नुकसान दोन्हीकडून होतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचं जाहीर झालं, तेव्हा तो हाडांपर्यंत पोचलेला होता. उत्तमातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाच्या बाबतीतही हे घडतं, इतका हा आजार सुरुवातीला मुका असतो.

मग लक्षणं ओळखायची तरी कशाला? कारण लघवीचा साधा त्रास हेच बहुतेक पुरुषांच्या बाबतीत तपासणीचं पहिलं आणि कधी कधी एकमेव निमित्त असतं. लघवीला बसल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागणं, जोर करावा लागणं, मध्येच थांबून पुन्हा येणं, शेवटी थेंब थेंब गळणं, होऊन गेल्यावरही पोट मोकळं न वाटणं, एकदा लागली की धीर न धरवणं. यातलं काहीही पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालं असेल तर पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत डॉक्टरांना दाखवावं. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेला त्रास बहुधा साध्या वाढीचा असतो. दोन-तीन महिन्यांत झपाट्याने बिघडलेली गोष्ट मात्र जास्त लक्ष देऊन पाहावी लागते.

रात्री वारंवार उठावं लागण्यामागे प्रोस्टेट सोडून इतरही कारणं असतात. रक्तातली साखर वाढलेली असते, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जाते, पायावरची सूज आडवं झाल्यावर उतरते आणि ते पाणी लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून डॉक्टर आधी साखर आणि लघवी तपासायला सांगतात. ‘आम्ही प्रोस्टेटसाठी आलो आणि यांनी साखरच तपासली’ अशी तक्रार अशा वेळी करू नये. जळजळ होते, उन्हाळी लागली, म्हणून घरात धने-जिऱ्याचं पाणी किंवा सब्जा देतात. उन्हातान्हात राबलेल्या माणसाला पाणी कमी पडलेलं असतं, त्याला दोन दिवस ते द्यायला हरकत नाही. पण पन्नाशीपुढच्या पुरुषाची जळजळ त्यानंतरही राहिली तर लघवीची तपासणी हवीच. सोबत थंडी वाजून ताप भरला असेल, तर ग्रंथीला किंवा मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तेव्हा दोन दिवससुद्धा थांबू नये.

लघवीतून रक्त जाण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथे माणसं हमखास फसतात. रक्त एकदाच येतं, दुखत काहीच नाही, दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ होते. उष्णता होती, निघून गेली, असं वाटतं. चार-सहा महिन्यांनी ते पुन्हा दिसतं. न दुखता लघवीतून गेलेलं रक्त, एकदाच का असेना, तपासल्याशिवाय सोडायचं नसतं. त्यामागे संसर्ग असू शकतो, मूतखडा असू शकतो, प्रोस्टेट असू शकतं, आणि तंबाखू किंवा विडी ओढणाऱ्याच्या बाबतीत मूत्राशयाचा कर्करोगही असू शकतो. बीट खाल्ल्यावर किंवा क्षयाची औषधं चालू असताना लघवीचा रंग बदलतो, ते वेगळं. ते आठवून डॉक्टरांना सांगावं, ठरवायचं काम मात्र त्यांच्यावर सोडावं. वीर्यातून रक्त गेलं तर तरुणांमध्ये ते बहुधा निरुपद्रवी असतं; उतारवयात तपासून घ्यावं.

आता ज्या दोन गोष्टींना एक रात्रही थांबता येत नाही त्या सांगतो.

पहिली, लघवी पूर्ण तुंबणं. वाढलेलं प्रोस्टेट असलेला माणूस पावसाळ्यात सर्दीची गोळी घेतो, किंवा जत्रेत जास्त दारू पितो, किंवा चार दिवस शौचाला साफ होत नाही, आणि अचानक लघवीचा एक थेंबही येईनासा होतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांमधली औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा त्याचं आकुंचन मंद करतात, म्हणून असं होतं. ओटीपोट टणक होतं, माणूस तळमळतो. अशा वेळी घरातले लोक मायेने तांब्याने पाणी पाजतात, म्हणजे लघवी सुटेल. तसं कधीही करू नये. बाहेर पडायला वाट नसताना आत भर पडते आणि वेदना वाढतात. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात, भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात, जवळ पडेल तिथे पोचावं. नळी घातली की काही मिनिटांत आराम पडतो. याचंच एक फसवं रूपही आहे. काही म्हाताऱ्यांचं मूत्राशय न दुखता हळूहळू तट्ट भरतं आणि वरचं वर थेंब थेंब गळत राहतं. अंथरूण ओलं होतं, घरच्यांना वाटतं, आजोबांना लघवी जास्त होते. खरं तर ती होतच नसते, नुसती सांडत असते, आणि आत मूत्रपिंडांवर ताण येत असतो. अंथरूण ओलं झालं म्हणून त्यांना रागावण्याआधी दवाखान्यात न्यावं.

दुसरी, पायातली शक्ती जाणं. हा कर्करोग पसरताना हाडांकडे धाव घेतो, त्यातही कमरेचे मणके, माकडहाड, खुबा, बरगड्या. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये ओटीपोटातल्या आणि पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांचं झडपा नसलेलं जाळं वर्णन केलं. त्या शिरांतून रक्त दोन्ही दिशांना वाहू शकतं, म्हणून ओटीपोटातल्या पेशी मणक्यांपर्यंत पोचायला सोपी वाट मिळते, असं त्यांनी मांडलं. मणक्यात वाढलेली गाठ मज्जारज्जूवर दाब आणते तेव्हा पाय जड पडतात, चालताना अडखळायला होतं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीला बधिरपणा येतो, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो. इथे हिशेब तासांचा असतो. माणूस चालता असताना रुग्णालयात पोचला आणि उपचार लगेच सुरू झाले, तर तो चालता राहण्याची शक्यता खूप असते. पाय पूर्ण लुळे पडल्यावर पोचला तर ते परत येणं अवघड. अशा रुग्णाला आधी गावात, मग नसरापुरात, मग भोरला असं फिरवत बसू नये. १०८ ने थेट एमआरआय आणि तज्ज्ञ असलेल्या ठिकाणी, म्हणजे पुण्यातल्या ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात, न्यायला हवं.

तिथवर जाऊ द्यायचं नसेल तर आवणीची कंबरदुखी आणि हाडातल्या गाठीची कंबरदुखी यातला फरक आधीच कळायला हवा. कामाने धरलेली कंबर विसाव्याने सुटते. वाकलं की दुखते, आडवं झालं की बरं वाटतं, आवणी संपली की आठ-पंधरा दिवसांत ओसरते. गाठीचं दुखणं रात्री वाढतं, झोपेतून उठवतं, पडून राहिल्यानेही कमी होत नाही, आणि आठवड्यागणिक चढत जातं. कधी कमरेसोबत खुबा किंवा बरगडीही दुखायला लागते, वजन उतरतं, जेवणावरची वासना जाते. पन्नाशीपुढच्या पुरुषाची कंबर तीन-चार आठवड्यांत सुटली नाही, तर वेदनाशामक गोळ्यांचं पाकीट वाढवत न्यायचं नसतं. त्या गोळ्या दुखणं झाकतात आणि लघवी अडलेली असेल तर मूत्रपिंडाला जास्त घातक ठरतात. उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून पाठीवर पाय देऊन घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. तरण्या माणसाच्या उसणीचं मी काही बोलत नाही, पण म्हाताऱ्याच्या न सुटणाऱ्या पाठदुखीवर हा इलाज अजिबात करू नये. गाठीने पोखरलेला मणका तेवढ्या दाबानेही खचू शकतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर दोन तपासण्यांचं नाव निघतं. पहिली बोटाची. गुदद्वारातून हातमोजा घातलेल्या बोटाने ग्रंथी चाचपतात. अर्ध्या-एक मिनिटाचं काम, पण लाजेपायी कितीतरी पुरुष तिला नकार देऊन उठून येतात. कर्करोग जिथे बहुधा सुरू होतो तो ग्रंथीचा मागचा भाग गुदाशयाला लागूनच असतो. तिथला खडबडीतपणा किंवा दगडासारखी कठीण गाठ अनुभवी बोटाला लागते. बायका बाळंतपणात कितीतरी तपासण्या निमूट सोसतात; पुरुषांनी ही एक सोसावी, असं मला कळकळीने वाटतं.

दुसरी रक्ताची, पीएसए. प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात त्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण त्यात मोजतात. मिलीलीटरला ४ नॅनोग्रॅमपर्यंत ठीक, असा ढोबळ आकडा चालत आला आहे. पण हा आकडा कर्करोगाचा नसून ग्रंथीचा आहे. साधी वाढ, जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी, यांनीही तो चढतो. म्हणून लघवी तुंबून नळी घातल्याच्या दिवसांत किंवा तापात पीएसए करून घाबरू नये. काही आठवडे जाऊ द्यावेत. याच्या उलटी गोष्टही आहे. प्रोस्टेट वाढीवर दिली जाणारी फिनॅस्टेराइड किंवा ड्युटॅस्टेराइड ही औषधं सहा महिने-वर्षभर घेतली की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. अशा माणसाचा ३ हा आकडा प्रत्यक्षात ६ चा असू शकतो. मेडिकलमधून तीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं गोळ्या नेणाऱ्यांनी नवीन डॉक्टरांपुढे ते पाकीट ठेवायला विसरू नये.

काहीही त्रास नसलेल्या पुरुषाने पीएसए करावा का, यावर जगभर वाद आहे. युरोपातल्या आठ देशांत सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांवर चाललेल्या मोठ्या चाचणीचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीला बोलावलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर एक मृत्यू टळण्यासाठी ४५६ जणांना बोलवावं लागलं आणि आणखी १२ जणांच्या माथी कर्करोगाचं निदान आलं. त्यातल्या अनेकांचा आजार इतका संथ होता की तो त्यांना आयुष्यात कधी जाणवलाही नसता. त्यामुळे ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून ठरवावं, सत्तरीपुढे त्रास नसताना सरसकट तपासणी करू नये, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने २०१८ मध्ये सुचवलं. मला हे पटतं. पण या वादाचा अर्थ पुण्यात एक आणि मार्गासनीत दुसरा होतो. पुण्यात संपूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजमध्ये न विचारता पीएसए होऊन जातो आणि माणूस आकड्याला घाबरतो. गुंजवणीकाठी अडचण जास्त तपासणीची नाही, उशिरा पोचण्याची आहे. ज्याला त्रास सुरू झाला आहे त्याने हा वाद स्वतःला लावून घेऊ नये. त्याची तपासणी निदानासाठी असते, त्रास नसताना केलेली सरसकट तपासणी नव्हे.

शंका आली तर एमआरआय आणि मग सुईने तुकडा काढून तपासणी. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती आपल्याकडे घट्ट बसली आहे. प्रोस्टेटच्या बाबतीत ती निराधार आहे. सुईच्या तपासणीत थोडं रक्त जातं, क्वचित संसर्ग होतो, त्यासाठी काळजी घेतात. पण तुकडा तपासल्याशिवाय आजार संथ आहे की आक्रमक हे कळत नाही, आणि सगळे उपचार त्यावर ठरतात. संथ आजार असेल तर काहीही न कापता ठराविक दिवसांनी तपासत राहणं हाही मान्य उपचार आहे. ग्रंथीपुरता असेल तर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार. हाडांत गेलेला असला तरीही हात टेकायचे नसतात. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं की पुरुषी संप्रेरक तोडलं की हा कर्करोग मागे हटतो. त्याबद्दल त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. आजही तोच पाया आहे. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच छोटी शस्त्रक्रिया करून वृषणातला संप्रेरक बनवणारा भाग काढणं. दुसरा मार्ग ऐकून माणसं हादरतात. पण ज्याला दर वेळी एसटीने पुणं गाठणं आणि महागडं इंजेक्शन परवडणं कठीण आहे, त्याच्यासाठी तो विचारात घेण्याजोगा, जुना आणि परिणामकारक मार्ग आहे. या उपचारांनी माणसं अनेक वर्षं कामाधंद्याला लागलेली असतात.

भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. तरीही राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात तपासणीसाठी घेतलेले कर्करोग तीनच आहेत, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. ते बरोबरही आहे, कारण त्यांची तपासणी सोपी आणि फायदा मोठा. पण याचा परिणाम असा की घरोघर येणाऱ्या आशाताईंच्या बोलण्यात प्रोस्टेट येत नाही. आणि आलं तरी, गावातल्याच कुणाच्या तरी सुनेला म्हातारा आपल्या लघवीचं काय सांगणार?

यावर महाराष्ट्रातच सापडलेलं एक उत्तर मला फार मोलाचं वाटतं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं त्यात होती. रुग्ण आपण होऊन येत नाहीत म्हटल्यावर नोंदणीचे कार्यकर्ते गावोगावी जाऊ लागले, बैठका घेऊन धोक्याची लक्षणं सांगू लागले, संशय आलेल्यांना रुग्णालयात यायला राजी करू लागले. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्याचं दिसलं, आणि १९९५ मध्ये ते शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. लोकांशी बोलल्याने आजार लवकर पकडला गेला. प्रोस्टेटचा कर्करोग सुरुवातीला मुका असल्यामुळे इथे तेवढं यश मिळेल असं मी म्हणणार नाही. पण तुंबलेली लघवी, रक्त, न सुटणारी कंबर आणि जड पडलेले पाय, या चार गोष्टी सप्ताहात, डेअरीवर, रेशनच्या रांगेत एखाद्या पुरुष आरोग्यसेवकाने पुरुषांना उघड सांगितल्या, तर लुळा पडून ससूनला पोचणारा एखादा तरी चालत पोचेल.

डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘जरा लघवीचा त्रास आहे’ एवढ्यावर थांबू नये. कधीपासून, रात्री किती वेळा, रक्त दिसलं का, कंबर रात्री दुखते का, वजन उतरलं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सांगावं. बायकोला किंवा मुलाला सोबत न्यावं. रात्री कितीदा उठतो हे घरधनिणीला जास्त नीट ठाऊक असतं. पीएसएचे सगळे जुने कागद एका पिशवीत ठेवावेत, कारण एका आकड्यापेक्षा तो वर्षागणिक कसा सरकला हे जास्त बोलतं. शिधापत्रिका आणि आधार कार्ड त्याच पिशवीत असावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च भागतो, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. आपला उपचार त्यात बसतो का, हे पैसे भरण्याआधी त्यांना विचारावं.

आणि निदान झालंच, तर ते भावांपासून आणि मुलांपासून लपवू नये. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा कर्करोग झालेला असला की धोका साधारण दुप्पट होतो; एकापेक्षा जास्त जणांना किंवा कमी वयात झालेला असेल तर त्याहून वाढतो. काही घराण्यांत बीआरसीए-२ या जनुकातला दोष बापाकडून किंवा आईकडून येतो. तोच दोष घरातल्या बायकांमध्ये स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाला कारण होतो. म्हणून आई, बहीण, आत्या, मावशी यांच्या आजाराची चौकशी डॉक्टर करतात तेव्हा ती अवांतर नसते. अशा घरातल्या पुरुषाने पन्नाशीची वाट न पाहता पंचेचाळिशीच्या सुमारास, किंवा नात्यात अनेकांना झालेला असेल तर चाळिशीतच, पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलावं, लघवीला काहीही त्रास नसला तरी.